ताप १०४ वर गेला आणि आकडी आली, आता पुढे काय?

प्रश्न : माझी मुलगी सव्वादोन वर्षांची आहे, वजन १२ किलो. गेल्या महिन्यात तिला दुपारी ताप भरला. काखेत थर्मामीटर लावला तर १०४! औषध पाजणार तोच तिचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले, अंग झटके देऊ लागलं, ओठ निळे पडले. दोन-तीन मिनिटांत थांबलं, पण तेवढ्यात मला वाटलं, ती गेलीच. रुग्णालयात डॉक्टरांनी तपासलं, काही तास ठेवून घेतलं आणि ‘तापाची आकडी आहे, घाबरू नका’ असं सांगून घरी पाठवलं. ना सीटी स्कॅन, ना ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख). घसा सुजला होता, ताप तीन दिवसांत उतरला. ती आता पूर्वीसारखी खेळते, पण माझी भीती काही जात नाही. रात्री चार-पाच वेळा उठून तिला ताप बघते, ९९ दिसला तरी औषध पाजते. सासूबाई म्हणतात, ताप डोक्यात गेला की मूल मंद होतं. नवरा म्हणतो, तपासण्या करायलाच हव्या होत्या. हे पुन्हा होईल का? तिच्या मेंदूला काही झालं असेल का? पुढच्या तापात मी नक्की काय करू? आणि तिची एक लस राहिली आहे, ती द्यावी की नको?

— एक आई

उत्तर :

ताई, ज्या प्रश्नाने तुमची झोप उडवली आहे तोच आधी घेते. तुम्ही लिहिलंय त्यावरून, तुमच्या मुलीच्या मेंदूला काही झालेलं नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयात, ताप असताना, सगळ्या अंगाला येणारी, पंधरा मिनिटांच्या आत आपली आपण थांबणारी आणि चोवीस तासांत पुन्हा न येणारी आकडी, तिला साधी तापाची आकडी म्हणतात. शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती येते. ब्रिटनमध्ये १९७० सालच्या एप्रिल महिन्यातल्या एका आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांचा माग पुढे अनेक वर्षं ठेवला गेला. त्यांच्यापैकी ज्यांना लहानपणी तापाची आकडी आली होती, त्यांची बुद्धी, अभ्यास आणि वागणूक दहाव्या वर्षी तपासली, तर ती मुलं बरोबरीच्यांपेक्षा कुठेही मागे नव्हती.

सासूबाईंना हे सांगताना त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. ताप येऊन गेल्यावर ऐकू येईनासं झालेली, शिकण्यात मागे पडलेली मुलं त्यांनी पाहिली असणार. त्या मुलांना बहुधा मेंदुज्वर झालेला होता. इजा केली ती मेंदूच्या आवरणाला किंवा मेंदूला झालेल्या संसर्गाने. ताप त्या संसर्गाचं लक्षण होता. पण घरच्यांच्या डोळ्यांना दिसला तो ताप, म्हणून दोषही त्याच्याच माथी गेला.

ताप चढतो कसा हे एकदा समजलं की निम्मी भीती कमी होते, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते. जंतू अंगात शिरले की रक्तातल्या संरक्षक पेशी काही रसायनं सोडतात. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे, तिथे त्यांच्यामुळे प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं. एरवी ३७ अंश सेल्सियसच्या आसपास लावून ठेवलेली शरीराची तापमान ठरवणारी कळ मग ३९ किंवा ४० वर सरकते. शरीराला वाटतं, आपण गार आहोत, आणि ते त्या नव्या आकड्यापर्यंत पोचायची धडपड सुरू करतं. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून पोट भाजतं आणि तळहात-तळपाय मात्र गार लागतात. स्नायू थरथरतात, तीच हुडहुडी. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिन बनण्याला आवर घालतं, कळ खाली येते आणि घाम फुटून अंग निवतं.

ही कळ मेंदूच्याच ताब्यात असते, म्हणून तिला वरची मर्यादाही असते. संसर्गाने आलेला ताप ४१ अंशांच्या, म्हणजे साधारण १०६ फॅरनहाइटच्या, वर क्वचितच जातो. निव्वळ उष्णतेने मेंदूच्या पेशींना इजा व्हायला तापमान ४२ अंशांच्या, १०७.६ फॅरनहाइटच्या, घरात जावं लागतं. १०४ तापाने फणफणलेलं लेकरू बघवत नाही हे खरं, पण त्या आकड्याने मेंदू बाद होत नाही.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा, कारण तिथे सगळे नियम उलटे होतात. उन्हात, बंद गाडीत किंवा कोंदट खोलीत खूप वेळ राहिल्याने अंग तापलं, तर तो ताप नव्हे, उष्माघात. तिथे कळ ३७ वरच असते. शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही आणि तापमान मर्यादेशिवाय चढत जातं. मूल बरळतं, शुद्ध हरपते. पॅरासिटामॉलचा तिथे काडीचाही उपयोग नाही. ताबडतोब सावलीत आणणं, कपडे काढणं, अंगावर गार पाणी ओतणं, वारा घालणं आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलावणं, एवढंच करायचं असतं. उष्माघातात खरोखर मिनिटांवर जीव अवलंबून असतो.

आता ९९ चं बघू. कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांनी हजारो रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून घेतलेल्या नोंदी १८६८ मध्ये पुस्तकरूपाने मांडल्या. ३८ अंशांच्या, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या, पुढे ताप धरायचा, ही रेघ तेव्हापासून चालत आली आहे. निरोगी माणसाचं तापमानही पहाटे कमी आणि संध्याकाळी अर्ध्या अंशाने जास्त असतं. दिवसभर बागडलेल्या मुलीच्या अंगात संध्याकाळी ९९ असणं म्हणजे तिची तब्येत ठणठणीत आहे. काखेतलं माप शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सियस कमी भरतं, तेवढं मनात धरा, पण ९९ ला औषध पाजणं आजपासून बंद करा.

पुन्हा होईल का? होऊ शकतं. एकदा आकडी आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांना पुढच्या एखाद्या तापात ती पुन्हा येते. पहिली आकडी वर्षाच्या आत आली असेल किंवा आई, वडील, भावंडं यांपैकी कुणाला लहानपणी येत असेल, तर शक्यता वाढते. पाच-सहा वर्षांची झाली की बहुतेक मुलं यातून बाहेर पडतात. मोठेपणी अपस्मार (मिरगी) जडण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा किंचितच जास्त असते. साधी आकडी आलेल्या शंभर मुलांमध्ये एखाद-दुसऱ्याला. आकडी लांबली, एकाच बाजूच्या हातापायाला आली किंवा एका दिवसात दोनदा आली, तर हे गणित बदलतं आणि तपासण्याही लागतात. तुमच्या मुलीच्या बाबतीत तसं काहीच नव्हतं. म्हणूनच डॉक्टरांनी स्कॅन केला नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सच्या २०११ सालच्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात: साध्या तापाच्या आकडीनंतर सीटी स्कॅन किंवा ईईजी सरसकट करू नये. त्यातून हाती काही लागत नाही, आणि सीटीचा किरणोत्सर्ग मुलाला फुकटचा सोसावा लागतो. डॉक्टरांनी ताप कशाने आला ते शोधलं, घसा सापडला, मुलगी शुद्धीवर येऊन नेहमीसारखी वागते आहे ना ते काही तास पाहिलं. हीच योग्य तपासणी होती. तुमच्या यजमानांना हे वाचून दाखवा.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण पत्रात मला जाणवली. ‘औषध पाजणार तोच’ असं तुम्ही म्हणता. दहा मिनिटं आधी पाजलं असतं तर, हा विचार तुम्हाला खात असेल. तो मनातून काढून टाका. ही आकडी बरेचदा तापाच्या पहिल्याच दिवशी येते, कित्येकदा घरच्यांना ताप आल्याचं कळण्याआधीच. शिवाय तापाचं औषध वेळच्या वेळी देत राहिल्याने आकडी टळते का, हे नीट तपासलं गेलं आहे. फिनलंडमधल्या एका चाचणीत पहिली आकडी येऊन गेलेल्या मुलांना पुढच्या तापांत काहींना खरं औषध, काहींना नुसतं औषधासारखं दिसणारं द्रव दिलं. आकडी दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात आली. तेव्हा तुमच्या हातून काहीही राहून गेलेलं नाही, आणि घड्याळ लावून रात्री उठण्यानेही आकडी अडणार नाही.

मग औषध द्यायचं कशाला? तिला बरं वाटावं म्हणून. अंग ठणकतंय, किरकिर चालली आहे, पाणी नको म्हणते, तर द्या. १०२ असूनही खेळत असेल, पाणी पीत असेल, तर नाही दिलं तरी चालतं. शांत झोपली असेल तर औषधासाठी उठवू नका. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. तुमच्या मुलीला एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम. ‘पाच मिली पाजलं’ याला मात्र काही अर्थ नाही, कारण बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या येतात. एकीत पाच मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम असतं, दुसरीत २५०. एकीतून साडेसात मिली चालतील, दुसरीतून साडेतीनच्या वर नको. थेंबांची बाटली तर याहूनही तीव्र. बाटलीवरचा आकडा वाचा, तुमच्या डॉक्टरांकडून मिलीचा हिशेब एकदा लिहून घ्या, आणि चमच्याऐवजी खुणांची सिरिंज वापरा. सर्दी-खोकल्याच्या काही मिश्रणांतही पॅरासिटामॉल असतं. दोन्ही दिली की नकळत दुप्पट होतं आणि भार यकृतावर येतो. आयबुप्रोफेन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका, विशेषतः डेंगीची शंका असेल, कांजिण्या असतील किंवा मूल उलट्या-जुलाबांनी सुकलं असेल तेव्हा. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नाही. त्यातून राय सिंड्रोम नावाचा, यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा आजार होऊ शकतो.

गार पाण्याच्या पट्ट्यांविषयी माझं मत स्पष्ट आहे: नकोत. कळ वर असताना बाहेरून गार केलं की कातडी आणखी आकसते, मूल कुडकुडतं, आतून उष्णता वाढते आणि बिचारं रडून थकतं. बर्फ तर नाहीच, आणि स्पिरिट चोळणं धोक्याचं, ते कातडीतून आणि श्वासातून अंगात शिरतं. सुती, सैल कपडे, हवेशीर खोली आणि घोट घोट पाणी पुरे. पाण्याचं महत्त्व मोठं आहे, कारण तापमान एका अंश सेल्सियसने वाढलं की शरीराची भट्टी साधारण दहा टक्क्यांनी जोरात चालते, आणि घामातून, श्वासातून पाणी जास्त जातं. जेवली नाही तर दोन दिवस चालेल, पाणी मात्र आत गेलंच पाहिजे.

पुन्हा आकडी आलीच तर तिला जमिनीवर कुशीला वळवा. आजूबाजूचं लागण्यासारखं काही असेल ते दूर करा आणि लगेच घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. जीभ गिळली जात नाही, पण चमच्याने दात तुटतात आणि पाणी फुप्फुसात जातं. हातपाय दाबून धरू नका. जमलं तर दुसऱ्या कुणाला फोनवर चित्रण करायला सांगा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. पाच मिनिटांत थांबली नाही, तर रुग्णवाहिका. थांबल्यावर ती काही वेळ गुंगीत राहील. अर्ध्या-पाऊण तासात ओळख देऊ लागायला हवी. नाही दिली, तर थांबू नका. अशी पुन्हा आली तर तुमच्या डॉक्टरांना नाकात मारायच्या मिडॅझोलॅमच्या फवाऱ्याविषयी विचारा. लांबणारी आकडी थांबवण्यासाठी तो घरी ठेवता येतो, पण कधी आणि किती मारायचा हे त्यांच्याकडूनच शिकून घ्यायला हवं.

आता मुख्य गोष्ट. थर्मामीटरवर खिळलेली तुमची नजर मला मुलीवर आणायची आहे, कारण धोक्याची सूचना तिथे मिळते. १०४ ताप साध्या विषाणूनेही येतो आणि १०१ मध्ये गंभीर आजार लपलेला असू शकतो. औषधाने ताप पटकन उतरला म्हणजे आजार किरकोळ, असंही नाही. ताप थोडा उतरल्यावर मूल कसं वागतं ते बघा. उतरल्यावर हसलं, खेळणं मागितलं, तर जीव भांड्यात पडायला हरकत नाही. तापात थोडं बरळणं चालतं, पण उतरल्यावरही निपचित पडून असेल, उठवून उठत नसेल, नजरेला नजर देत नसेल, तर रात्र असो की पहाट, निघा.

श्वासही मोजा. एक पूर्ण मिनिट, ती शांत असताना, छातीऐवजी पोटावर नजर ठेवून. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा त्याहून जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळात ५० किंवा जास्त भरले तर न्यूमोनियाची शंका घ्यावी लागते. तापानेही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. फासळ्यांखाली कातडी आत ओढली जात असेल किंवा श्वासागणिक कण्हत असेल, तर मोजत बसण्याचीही गरज नाही, थेट जा.

पुरळ दिसलं तर त्यावर काचेचा पारदर्शक ग्लास दाबून धरा. काचेखाली डाग फिका पडला तर बरं. लाल-जांभळा तसाच राहिला तर तो कातडीखालचा रक्तस्राव असू शकतो, आणि मेनिन्गोकॉकस जंतूच्या संसर्गात असे डाग काही तासांत पसरतात. सावळ्या कातडीवर डाग पटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय आणि पापण्यांची आतली बाजू बघा. मान ताठ होणं, उजेड सहन न होणं, तान्ह्या बाळाची टाळू फुगणं, उलट्या थांबता न थांबणं, आठ-दहा तास लघवी न होणं, रडताना डोळ्यांत पाणी न येणं, अंगावर निळसर-करडी जाळी दिसून हातपाय गार पडणं, यांपैकी एकही असेल तर त्याच वेळी डॉक्टर. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला, तरी बाकी काही नसताना त्याच दिवशी दाखवायचं. इतक्या लहान बाळाच्या रक्तात संसर्ग पसरला तर ताप फारसा चढतही नाही, कधी अंग उलट गारच लागतं.

उशिरा उघडे पडणारे आजारही आहेत. सर्दी नाही, खोकला नाही, नुसताच ताप चालू असेल, तर लघवी तपासायला सांगा. लहान मुलांत मूत्रमार्गाचा संसर्ग असाच मुकाट्याने येतो आणि दुर्लक्ष झालं तर मूत्रपिंडावर व्रण ठेवून जातो. ताप पाच दिवस टिकला, डोळे लाल पण चिकट नाहीत, ओठ फुटलेले, जीभ लालबुंद, हातपाय सुजलेले, तर कावासाकी आजाराचा विचार व्हायलाच हवा. जपानी बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये त्याचं वर्णन केलं. तो हृदयाच्या रक्तवाहिन्यांना सुजवतो, आणि पहिल्या दहा दिवसांत उपचार मिळाले तर ही इजा पुष्कळ टळते. डेंगीची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि नेमका धोक्याचा काळ तेव्हाच सुरू होतो. उतरलेल्या तापाबरोबर पोट दुखत असेल, उलट्या होत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा मूल मलूल पडलं असेल, तर ताप नाही म्हणून घरी बसू नका. मलेरिया असलेल्या भागात राहत असाल किंवा नुकतेच जाऊन आला असाल, तर रक्ताची तपासणी पहिल्याच भेटीत करून घ्या.

तुमच्या रात्रींबद्दल. तापाला पालक गरजेपेक्षा किती घाबरतात, हे अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बार्टन श्मिट यांनी १९८० मध्ये सविस्तर मांडलं होतं, तेव्हा तुम्ही एकट्या नाही. तुम्ही तर प्रत्यक्ष आकडी पाहिली आहे. पण मुलीला ताप नसलेल्या रात्री थर्मामीटर कपाटात राहू द्या. ताप असलेल्या रात्री झोपण्यापूर्वी एकदा आणि मध्ये एकदा तिच्याकडे बघा, आणि ती पाळी यजमानांबरोबर वाटून घ्या. तरीही झोप येत नसेल, छातीत धडधडत राहत असेल, तर स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा. हेही आजारपणच आहे आणि त्यावर उपचार आहेत.

लस द्या. साधी तापाची आकडी येऊन गेली म्हणून लसीकरण थांबवायचं कारण नाही. गोवरासारख्या आजारात येणारा ताप आणि त्यातली गुंतागुंत लसीच्या तापापेक्षा कितीतरी भारी असते. लस देताना आकडीची गोष्ट सांगा आणि ताप केव्हा येऊ शकतो ते विचारून घ्या. बहुतेक लसींचा ताप पहिल्या एक-दोन दिवसांत येतो, गोवराच्या लसीचा मात्र आठवडा-दहा दिवसांनी, तोवर आपण लस दिलेली विसरूनही गेलेलो असतो. त्या दिवशी तिला चांगलाच ताप असेल तर लस थोडी पुढे ढकला, साध्या सर्दीसाठी नको. आणि तारीख उलटून गेली असली तरी मात्रा पहिल्यापासून सुरू कराव्या लागत नाहीत, जिथे थांबलात तिथून पुढे चालू करता येतात.